मज्जा, पेशी, दान आणि उपचार : चेता मूळपेशींवर मराठीत लिहिताना

गेल्या वर्षी दिवाळीनंतर माझ्या थोरल्या भावाच्या घरी एक माहितीपत्रक आले. दादाला कंपवात, म्हणजे पार्किन्सनचा आजार, होऊन नऊ वर्षे झाली आहेत. तो आरेखक; इमारतींचे नकाशे काढण्यात त्याची सगळी नोकरी गेली. हाताची थरथर कुणाच्या लक्षात येण्याआधी त्याचा आजार त्याच्या अक्षरात उतरला होता. ओळीच्या सुरुवातीला ठसठशीत असलेले अक्षर शेवटाकडे मुंगीएवढे होई. आम्हाला वाटले, चष्म्याचा नंबर वाढला. पुढे डॉक्टरांनी सांगितले, अक्षर बारीक होत जाणे हे या आजाराचे ओळखीचे लक्षण आहे.

ते पत्रक दादाच्या मुलाने पुण्याहून पाठवले होते. दुसऱ्या एका शहरातल्या उपचार केंद्राचे होते आणि चांगल्या, शुद्ध मराठीत होते. मज्जेतील मूळपेशींनी मज्जासंस्थेची दुरुस्ती करता येते, दान केलेल्या चेतापेशींचा पर्यायही जगात उपलब्ध होत आहे, कंपवातावर आता उपचार आहे, असे त्यात म्हटले होते. खाली खर्चाचा आकडा होता. वहिनींनी तो कागद माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, “वन्सं, तुम्ही इतकी वर्षं जीवशास्त्र शिकवलंत. हे वाचा आणि आम्हाला समजेल असं सांगा. वरचा मजला विकायचा का, एवढंच ठरवायचंय.”

मी ते पत्रक तीनदा वाचले. त्यात धडधडीत खोटे म्हणून बोट ठेवावे असे एकही वाक्य सापडेना. तरी सगळे वाचून होणारा समज चुकीचा होता. विचार केल्यावर ध्यानात आले की हा समज चार शब्दांमुळे होतो : पेशी, मज्जा, दान आणि उपचार. प्रस्तुत लेखात हे चार शब्द एकेक करून घेतले आहेत आणि प्रत्येकाच्या निमित्ताने दान केलेल्या चेता मूळपेशींच्या संशोधनात आजवर काय झाले तेही सांगितले आहे. विज्ञानावर मराठीत लिहिणाऱ्यांना आणि शिकवणाऱ्यांना त्याचा उपयोग व्हावा, हा हेतू.

१. पेशी

इंदूरच्या हिंदी माध्यमाच्या शाळेत मी एकतीस वर्षे शिकवले. वर्गात मी ‘कोशिका’ म्हणत असे आणि घरी ‘पेशी’. दादाकडे ते पत्रक मोठ्याने वाचत असताना शेजारचे एक हिंदीभाषक काका येऊन बसले होते. ‘मूळपेशी’ हा शब्द तीन-चारदा कानांवर पडल्यावर त्यांनी काळजीने विचारले, “पेशी कब की है?” त्यांना वाटले, दादाची कोर्टाची तारीख लागली आहे. सगळे हसले. दादाही हसला, या आजारात चेहऱ्यावरचे भाव गोठत जातात, त्यामुळे त्याचे हसणे हल्ली डोळ्यांतच दिसते.

मात्र हा गोंधळ केवळ हसण्यावारी नेण्यासारखा नाही. हिंदीत पेशी म्हणजे कोर्टातली हजेरी आणि मांसपेशी म्हणजे आपला स्नायू. सुश्रुतसंहितेत पाचशे पेशी सांगितल्या आहेत, त्याही मांसाच्याच. मराठीने हा शब्द सजीवाच्या सर्वांत लहान घटकासाठी घेतला. उलट मराठीत स्नायू म्हणजे हालचाल करणारे मांस, तर हिंदीत स्नायु हा शब्द चेतातंतूंसाठी वापरतात. इंदूर, ग्वाल्हेर, भोपाळकडे मराठी घरांतली मुले हिंदी पुस्तकांतून शिकतात. अशा मुलाने ‘स्नायूंचा आजार’ असे शीर्षक वाचले, तर आजार मांसाचा की मेंदूच्या तारांचा, हे त्याला कळेलच असे नाही. म्हणून आपल्या भागासाठी लिहिताना शब्द पहिल्यांदा येतो तिथेच त्याचा अर्थ एका वाक्यात सांगून टाकावा. वाचक अडाणी असतो म्हणून हे करायचे नसते. तो दोन भाषांत राहतो, म्हणून करायचे असते.

आता मूळपेशी. ज्या पेशीत दोन गुण असतात ती मूळपेशी : ती स्वतःसारख्या आणखी पेशी तयार करू शकते, आणि वेळ आली की विशिष्ट कामाच्या पेशीत बदलू शकते. मराठीत मूळपेशी, मूलपेशी, स्तंभपेशी असे वेगवेगळे प्रतिशब्द आढळतात. मला ‘मूळपेशी’ सोपा वाटतो, पण त्यात एक धोका आहे. मूळ म्हटले की तिच्यापासून काहीही उगवेल, असे वाटते. प्रत्यक्षात मूळपेशींच्या पायऱ्या आहेत. काही दिवसांच्या भ्रूणातल्या मूळपेशींपासून शरीरातली जवळजवळ कोणतीही पेशी होऊ शकते. पुढे वाढलेल्या शरीरातल्या मूळपेशी मात्र आपापल्या घराण्यापुरत्या असतात. वर्गात मी कणकेचे उदाहरण देत असे. कणकेच्या उंड्याची पोळी होते, पुरी होते, पराठा होतो. ज्वारीची भाकरी होत नाही. रक्ताच्या मूळपेशीपासून तांबडी पेशी होते, पांढरी पेशी होते. तिच्यापासून मेंदूची पेशी होईल, अशी अपेक्षा धरणे म्हणजे कणकेकडून भाकरी मागणे आहे.

२. मज्जा

पत्रकातली खरी मेख या शब्दात होती. आयुर्वेदाच्या सात धातूंपैकी मज्जा हा एक. हाडांच्या पोकळीतला मऊ भाग. ‘अस्थिमज्जा’ या शब्दात तो अर्थ अजून आहे. मराठीत मात्र मज्जासंस्था, मज्जातंतू, मज्जारज्जू हे शब्दही रूढ झाले, आणि त्यांत मज्जेचा अर्थ मेंदू, पाठीच्या कण्यातली दोरी आणि तिथून निघणाऱ्या तारा असा झाला. परिणामी ‘मज्जेतील मूळपेशींनी मज्जासंस्थेची दुरुस्ती’ हे वाक्य मराठी कानाला अगदी सरळ वाटते. ज्या घरचे बिघडले त्याच घरच्या पेशींनी दुरुस्त झाले, असे ते ऐकू येते. हेच वाक्य हिंदीत ‘अस्थि मज्जा’ आणि ‘तंत्रिका तंत्र’ अशा शब्दांत लिहिले, तर दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे लगेच दिसते.

अस्थिमज्जेतल्या मूळपेशी रक्त तयार करतात. रक्ताच्या कर्करोगांत आणि रक्ताच्या इतर काही आजारांत त्यांचे प्रत्यारोपण अनेक दशके होत आले आहे आणि त्याने माणसे बरी झाली आहेत. ती या क्षेत्रातली पक्की कमाई आहे. पण अस्थिमज्जेतल्या पेशी काढून पाठीच्या कण्यात टोचल्या की त्यांच्यापासून मेंदूत नव्या चेतापेशी उगवतात, असे सिद्ध झालेले नाही. एका ठिकाणी मिळवलेला विश्वास दुसऱ्या ठिकाणी वापरायला ‘मज्जा’ हा शब्द नकळत मदत करतो.

चेता मूळपेशी निराळ्या. गर्भाचा मेंदू घडत असताना त्या विपुल असतात आणि त्यांच्यापासून तीन प्रकारच्या पेशी होतात : संदेश वाहणाऱ्या चेतापेशी, त्यांची देखभाल करणाऱ्या ताऱ्याच्या आकाराच्या पेशी, आणि तारांभोवती मेदाचे आवरण चढवणाऱ्या पेशी. प्रौढ मेंदूत नव्या चेतापेशी होतच नाहीत, असे विसाव्या शतकात बराच काळ मानले जात होते. १९९२ मध्ये कॅनडातल्या कॅलगरी येथे ब्रेंट रेनॉल्ड्स आणि सॅम्युएल वाइस यांनी प्रौढ उंदराच्या मेंदूतून अशा पेशी वेगळ्या काढल्या आणि प्रयोगशाळेत वाढवून दाखवल्या. त्या पेशी द्रवात तरंगत छोटे छोटे गोळे करून वाढत होत्या. मेंदूच्या पेशी बशीत वाढवून साठवता येतील, ही कल्पना त्यानंतर बळकट झाली.

अशा पेशी रुग्णाच्या मेंदूत घातल्या तर त्यांनी काय करावे, अशी अपेक्षा असते? दोन कामे संभवतात. पहिले काम बदलीचे. पार्किन्सनमध्ये मध्यमेंदूच्या एका काळसर पट्ट्यातल्या, डोपामीन नावाचे रसायन बनवणाऱ्या पेशी मरत जातात. हालचाल सुरू करणे, तिचा वेग आणि आवाका राखणे यासाठी ते रसायन लागते. मेलेल्यांच्या जागी नव्या डोपामीन पेशी बसवायच्या, ही बदली. दुसरे काम सोबतीचे. नव्या पेशीने स्वतः संदेश वाहायचा नाही; शेजारच्या आजारी पेशीला कमी असलेले विकर पुरवायचे, दाह शमवायचा, किंवा तारेवर आवरण चढवायचे. कोणत्या आजारात कोणते काम अपेक्षित आहे हे न सांगता ‘मेंदूची दुरुस्ती’ असा एकच शब्द वापरला, तर वाचक नेहमी बदलीच समजतो.

माझी सूचना साधी आहे. शालेय पुस्तकांत ‘चेतासंस्था’, ‘चेतापेशी’ हे शब्द आलेलेच आहेत. मेंदूसंबंधी सगळीकडे ‘चेता’ वापरावे आणि ‘मज्जा’ हाडांसाठी राखून ठेवावी. बोलण्यात मज्जातंतू राहीलच, त्याला हरकत नाही. पण ज्या लेखात दोन्ही प्रकारच्या मूळपेशी येतात, तिथे तरी हा भेद पाळावा.

३. दान

‘दान केलेल्या पेशी’ असे वाचले की आपल्याला रक्तदान आठवते. एक धट्टाकट्टा माणूस बाही वर सरकवून बसला आहे, असे चित्र डोळ्यांपुढे येते. मेंदूच्या पेशींचे दान तसे नसते. आजवर ते तीन वाटांनी आले आहे.

पहिली वाट गर्भपातानंतर मिळालेल्या भ्रूणाच्या ऊतींची. १९८७ मध्ये स्वीडनमधल्या लुंड येथे अँडर्स ब्यर्कलुंड, ओले लिंडवाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पार्किन्सनच्या रुग्णांच्या मेंदूत मानवी भ्रूणाच्या मध्यमेंदूतल्या ऊती घालायला सुरुवात केली. काटेकोरपणे पाहता या मूळपेशी नव्हत्या. डोपामीन पेशी होण्याच्या वाटेवर निघालेल्या कोवळ्या पेशी होत्या. काही रुग्णांना अनेक वर्षे चांगला फायदा झाला. लुंडच्या एका रुग्णाच्या मेंदूत प्रत्यारोपणानंतर चोवीस वर्षांनीही त्या पेशी जिवंत होत्या आणि त्यांच्या शाखा दाट पसरलेल्या होत्या, हे २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. म्हणजे परक्याच्या मेंदूत पेशी रुजते, हे ठरले.

पण एका रुग्णासाठी अनेक भ्रूणांच्या ऊती लागत, त्याही ठराविक वयाच्या आणि ताज्या. पुढे युरोपात याच पद्धतीची सुधारित चाचणी झाली, तेव्हा पुरेशा ऊती न मिळाल्याने शस्त्रक्रिया पुनःपुन्हा रद्द कराव्या लागल्या आणि शेवटी अकरा रुग्णांवरच प्रत्यारोपण होऊ शकले. दानावर उभी असलेली पद्धत दानाच्या टंचाईनेच अडली.

दुसरी वाट एकाच दानातून पेशी वाढवण्याची. खऱ्या अर्थाने चेता मूळपेशींचे प्रत्यारोपण ते हेच. २००६ मध्ये अमेरिकेत ओरेगन राज्यातल्या पोर्टलंड येथे बॅटन या दुर्मीळ आजाराच्या सहा मुलांवर त्याची पहिली चाचणी सुरू झाली. या आजारात एक विकर नसल्याने मेंदूच्या पेशी कचऱ्याने भरून मरतात. दान केलेल्या गर्भाच्या मेंदूतून वेगळ्या करून वाढवलेल्या मूळपेशी ते विकर पुरवतील, अशी कल्पना होती, म्हणजे काम सोबतीचे. शस्त्रक्रिया आणि पेशी मुलांना सोसल्या. जी मुले पुढे आजाराने गेली, त्यांच्यापैकी काहींच्या मेंदूच्या तपासणीत दात्याच्या पेशी टिकल्याचा पुरावा मिळाला. आजार मात्र बरा झाला नाही. पुढची चाचणी पात्र रुग्णांअभावी थांबली आणि २०१६ मध्ये ती कंपनीही गुंडाळली गेली.

याच वाटेने इटलीत आंजेलो वेस्कोवी यांच्या गटाने काम केले. आपोआप झालेल्या गर्भपातातल्या एकाच गर्भाच्या मेंदूतून घेतलेल्या मूळपेशी त्यांनी वाढवल्या. आधी चालक चेतापेशी मरत जाणाऱ्या एएलएस या आजारात आणि नंतर मल्टिपल स्क्लेरोसिसच्या वाढत्या अवस्थेत त्यांची चाचणी झाली. या दुसऱ्या चाचणीत पंधरा रुग्ण होते. त्यांच्या मेंदूतल्या द्रवाच्या पोकळीत पेशी सोडल्या होत्या. निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले.

तिसरी वाट रक्ताची, आणि तीच आपल्या रक्तदानाच्या चित्राशी सर्वांत जवळ जाते. २००६ मध्ये शिन्या यामानाका यांनी उंदराच्या पूर्ण वाढलेल्या पेशीला पुन्हा भ्रूणातल्या मूळपेशीसारखे करून दाखवले. पुढच्याच वर्षी मानवी पेशीवर ते साधले आणि २०१२ मध्ये जॉन गर्डन यांच्यासह त्यांना नोबेल पुरस्कार मिळाला. या पद्धतीने निरोगी दात्याच्या रक्तपेशींना मूळपेशी करून, त्यांच्यापासून डोपामीन पेशींच्या पूर्वपेशी बनवून, जपानमधल्या क्योतो येथे जून ताकाहाशी यांच्या गटाने २०१८ पासून सात रुग्णांच्या मेंदूत घातल्या. इथे दात्याने फक्त हात पुढे केला. गर्भपाताचा प्रश्न उरला नाही. पेशी परक्याच, म्हणून शरीराने त्या नाकारू नयेत यासाठी प्रतिकारशक्ती दाबणारे औषध मात्र द्यावे लागले.

आता मराठीकडे. दान या शब्दात आपल्याकडे पुण्य आहे, आणि देणाऱ्याची इच्छा गृहीत आहे. पहिल्या दोन वाटांवर देणारी असते एक बाई, जिचा गर्भ नुकताच गेला आहे किंवा जिने तो नाइलाजाने काढून टाकायचे ठरवले आहे. तिला विचारण्याचे नियम कडक आहेत. गर्भपाताचा निर्णय आधी आणि पूर्णपणे स्वतंत्र व्हायला हवा, पेशींसाठी कुणी गर्भपात सुचवायचा नाही, मोबदला द्यायचा नाही, आणि तिची संमती वेगळी घ्यायची. वर्तमानपत्री मथळा ‘भ्रूणांपासून औषध’ असे लिहितो तेव्हा ही बाई गुन्हेगारासारखी दिसते. पत्रक नुसते ‘दान केलेल्या पेशी’ असे लिहिते तेव्हा ती दिसतच नाही. लिहिणाऱ्याने एक वाक्य जास्त खर्च करावे : कुणी दिले, कोणत्या प्रसंगी दिले, आणि विचारून घेतले का. वहिनींना मी हे सांगितले तेव्हा त्या बराच वेळ गप्प होत्या. त्यांचे पहिले मूल पोटातच गेले होते. मग म्हणाल्या, “तेव्हा मला कुणी असं विचारलं असतं तर मी काय म्हटलं असतं, कुणास ठाऊक.”

४. उपचार

‘उपचार’ आणि ‘चाचणी’ हे दोन शब्द मराठीत एकमेकांच्या जागी सर्रास वापरले जातात. ‘जपानमध्ये रुग्णांवर उपचार सुरू’ असे लिहिले, तर वाचकाला वाटते, पैसे आणि विमानाचे तिकीट एवढेच कमी आहे. ज्याचा फायदा आणि धोका पुरेशा माणसांवर पारखून झाला आहे, तो उपचार. ही पारख चालू असताना जे केले जाते, ती चाचणी. चाचणीत प्रश्न संशोधकाचा असतो, आणि रुग्ण त्याला उत्तर मिळवून देत असतो.

हा भेद का महत्त्वाचा, हे एका चाचणीने कायमचे दाखवून दिले. लुंडच्या अनुभवानंतर अमेरिकेत चाळीस रुग्णांवर तुलनात्मक चाचणी झाली. निष्कर्ष २००१ मध्ये आले. निम्म्यांना भ्रूणातल्या पेशी दिल्या. उरलेल्यांच्या कवटीला भोके पाडली, पण मेंदूत काही घातले नाही. कोण कोणत्या गटात, हे रुग्णांना ठाऊक नव्हते. वर्षभराने रुग्णांनी स्वतःच्या प्रकृतीचे जे मोजमाप दिले, त्यात दोन्ही गटांत ठोस फरक नव्हता. साठ वर्षांपर्यंतच्या रुग्णांत हालचालींची काही सुधारणा मोजता आली, त्याहून मोठ्यांत नाही. पेशी मिळालेल्यांपैकी सुमारे पंधरा टक्के रुग्णांत पुढे अनावर, वेड्यावाकड्या हालचाली सुरू झाल्या आणि औषध कमी करूनही त्या थांबेनात. आणखी एक गोष्ट दिसली : आपल्याला पेशी मिळाल्या असे ज्यांना वाटत होते, त्यांना बरे वाटत होते, मग त्या खरोखर मिळालेल्या असोत वा नसोत. आशा हे किती जबर औषध आहे आणि म्हणूनच तुलना नसलेल्या अनुभवावर का विसंबू नये, याचे याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही.

पुढे २००८ मध्ये आणखी एक धक्का बसला. प्रत्यारोपणानंतर अकरा ते सोळा वर्षांनी वारलेल्या काही रुग्णांच्या मेंदूत, दात्याकडून आलेल्या तरुण पेशींमध्येही पार्किन्सनच्या खुणेच्या गाठी सापडल्या. नवे कलम जुन्या झाडाचा रोग घेऊ शकते, असा त्याचा अर्थ. बहुतेक पेशी निरोगी होत्या, हेही त्यासोबत सांगायला हवे.

चाचणीच्या शिस्तीबाहेर काय होऊ शकते, तेही नोंदलेले आहे. एका आनुवंशिक मेंदूविकाराच्या इस्रायली मुलाला मॉस्कोमध्ये गर्भाच्या चेता मूळपेशी अनेकदा टोचण्यात आल्या होत्या. काही वर्षांनी त्याच्या मेंदूत आणि पाठीच्या कण्यात गाठी आढळल्या. त्या त्याच्या स्वतःच्या पेशींच्या नव्हत्या, दात्यांच्या पेशींपासून वाढलेल्या होत्या, असे तपासणीत सिद्ध झाले आणि २००९ मध्ये ते प्रसिद्ध झाले. जी पेशी स्वतःसारख्या आणखी पेशी करते, ती थांबली नाही तर गाठ होते. मूळपेशीचा गुण आणि तिचा धोका एकाच ठिकाणी आहेत.

आपल्याकडे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि जैवतंत्रज्ञान विभाग यांची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वे याबाबत स्पष्ट आहेत. रक्ताच्या काही मान्य आजारांसाठी रक्त तयार करणाऱ्या मूळपेशींचे प्रत्यारोपण हा उपचार मानला जातो. बाकी सर्व वापर मान्यताप्राप्त चाचणीतच व्हावा. पार्किन्सन त्या ‘बाकी’मध्ये येतो.

मग चांगली बातमी नाहीच का? आहे, पण तिला तिच्या मापाचे शब्द हवेत. क्योतोच्या चाचणीचे निष्कर्ष २०२५ मध्ये आले. सात रुग्णांत दोन वर्षांत पेशींमुळे गंभीर अपाय झाला नाही, गाठी झाल्या नाहीत. परिणामासाठी तपासलेल्या सहांपैकी चार जणांच्या हालचालींत, औषधाचा अंमल उतरलेला असताना, सुधारणा मोजता आली. त्याच सुमारास अमेरिका आणि कॅनडातल्या बारा रुग्णांवर, भ्रूणातल्या मूळपेशींपासून बनवलेल्या डोपामीन पेशींच्या चाचणीचेही आश्वासक निष्कर्ष आले. दोन्हींत तुलनेचा गट नव्हता. २००१ चा धडा आठवला तर ‘सुधारणा दिसली’ आणि ‘पेशींमुळे सुधारणा झाली’ या दोन वाक्यांत किती अंतर आहे, हे कळते.

इटलीच्या पंधरा रुग्णांबाबतही असेच. ‘बारा महिन्यांत अपंगत्व वाढले नाही’ हे निरीक्षण आहे. ‘आजार थांबला’ हा त्यावर चढवलेला अर्थ आहे. मराठीच्या शिक्षकांना क्रियापदांतला हा फरक समजावून सांगावा लागणार नाही. विज्ञान न शिकलेला, पण भाषा नीट वाचणारा माणूस पत्रकातली लबाडी पकडू शकतो, असे मला वाटते ते यामुळेच.

५. वर्गासाठी आणि लेखनासाठी

अकरावी-बारावीच्या मुलांबरोबर पुढील पाठ करून पाहावा. मूळपेशींवरची एखादी मराठी बातमी किंवा जाहिरात घ्यावी आणि तिला पाच प्रश्न विचारावेत.

१) पेशी कोणत्या? अस्थिमज्जेच्या, चेतासंस्थेच्या, की प्रयोगशाळेत घडवलेल्या?
२) त्या कुणाच्या? रुग्णाच्या स्वतःच्या की दात्याच्या? दात्याच्या असतील तर कोणत्या वाटेने आल्या?
३) त्यांनी काय करणे अपेक्षित आहे? बदली की सोबत?
४) हा उपचार आहे की चाचणी? चाचणी असेल तर किती माणसांवर, किती काळ, आणि तुलनेचा गट होता का?
५) पैसे कोण देतो? रुग्णाकडून मोठी रक्कम घेऊन केलेल्या गोष्टीला चाचणी म्हणता येते का?

उत्तर बातमीत नसेल, तर ‘दिलेले नाही’ असे मुलांनी लिहावे. मग तीच बातमी, उत्तरे असलेली वाक्ये तेवढी ठेवून, पुन्हा लिहायला सांगावी. एका पानाच्या बातमीची कधी कधी चार ओळी होते. त्या चार ओळी मुलांना आयुष्यभर पुरतात.

समारोप

मी हे पाच प्रश्न दादाकडच्या पत्रकाला लावले. पेशी अस्थिमज्जेच्या होत्या. दान केलेल्या पेशींचा उल्लेख नुसता शोभेला होता. तिथे त्या कुणी देत नव्हते. बाकी तीन प्रश्नांपैकी शेवटच्याचेच उत्तर स्पष्ट होते.

दादाच्या मुलाला ते आवडले नाही. फोनवर तो म्हणाला, “आत्या, तू बाबांची आशा काढून घेतलीस.” त्याचा राग मला समजतो. दूर राहणाऱ्या मुलाला काहीतरी करायचे असते आणि पैसे भरणे हे करता येण्यासारखे असते. मी त्याला म्हटले, “आशा खरी आहे रे, पत्ता चुकीचा आहे.” तो अजून पुरता निवळलेला नाही.

दादाने सगळे शांतपणे ऐकून घेतले. गोळ्यांच्या वेळा, रोजचे चालणे, आवाजाचा व्यायाम हे त्याचे चालू आहे आणि त्याने त्याला खरोखर फरक पडतो. दोन दिवसांनी त्याने मला एक चिठ्ठी दिली. बोलण्यापेक्षा लिहिणे त्याला कठीण जाते, तरी त्याने लिहिली होती. शेवटची अक्षरे वाचायला मला भिंग लागले. चोवीस वर्षांनी पेशी जिवंत होत्या, हे त्यांना कळले कसे, असा त्याचा प्रश्न होता.

मी सांगितले, रुग्ण वारल्यावर त्याचा मेंदू तपासायला मिळाला म्हणून. २००८ च्या त्या गाठींचे ज्ञानही असेच आले. आपल्याकडे बंगळूरच्या निम्हान्स संस्थेत मेंदूच्या ऊतींचे असे भांडार आहे. दादा थोडा वेळ खिडकीबाहेर बघत राहिला, मग म्हणाला, “म्हणजे देणारे पेशंटसुद्धा असतात.”

त्याने अजून काही ठरवलेले नाही आणि वहिनींसमोर आम्ही तो विषय काढत नाही. पण ‘दान’ या शब्दावरचे वरचे प्रकरण मी तीन वाटांवर संपवले होते, ते अपुरे होते. चौथी वाट त्याच्या प्रश्नाने दाखवली, म्हणून ती इथे नोंदवते.